भाचेबाई, ती यादी आधी खाली ठेवा

चि. भाचेबाईंस,


मेडिकल प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत मिरज मिळालं म्हणून ताईनं पाठवलेले पेढे पोचले, आणि पेढ्यांच्या पाठोपाठ तुझी यादीही पोचली. एकवीस पुस्तकं! कुणा सीनियरनं नंबर घालून, शेजारी प्रकाशकांची नावं लिहून दिलेली. आणि खाली तुझा प्रश्न : मावशी, कॉलेज सुरू व्हायच्या आत यातली कुठली घेऊ आणि कुठून वाचायला लागू?

यादीत रॉबिन्सचं पॅथॉलॉजी आहे, त्रिपाठींचं फार्माकॉलॉजी आहे, हॅरिसनचे दोन्ही खंड आहेत. अगं, हॅरिसन खऱ्या अर्थानं उघडायला तुला अजून दोन-तीन वर्षं आहेत. तोवर नवी आवृत्ती येईल, आणि तू आज घेतलेले खंड होस्टेलच्या खोलीत मच्छरदाणीचं टोक दाबून धरायच्या कामी येतील. दुसऱ्या वर्षाची आणि त्यापुढची नावं सरळ खोडून टाक. मग उरतात ती तीन विषयांची : ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. पत्र त्यांच्यापुरतंच आहे, त्यातही जास्त ॲनाटॉमीबद्दल, कारण मी शिकवते ती तेवढीच.

तुझी अडचण मला कळते. गेली दोन वर्षं लातूरला तू एनसीईआरटीच्या बायोलॉजीची दोन पुस्तकं ओळ न् ओळ घोकलीस. आकृतीखालची बारीक टीपसुद्धा सोडली नाहीस, कारण नीटचा प्रश्न तिथूनही येतो. पुस्तक ठरलेलं, त्यातलं वाक्य प्रमाण, आणि उत्तर म्हणजे चार गोलांतला एक काळा करायचा. आता असं एकच पुस्तक नाही. अभ्यासक्रम ठरलेला आहे, शिफारस केलेल्या पुस्तकांची यादीही मिळेल, पण 'हेच वाचा' असं तुला कुणी सांगणार नाही. शिवाय उत्तर आता गोलात मावत नाही. ते लिहायचं, आकृती काढून दाखवायचं, आणि हातात हाड घेऊन परीक्षकासमोर उभं राहून बोलायचं. म्हणून 'सगळ्यात चांगलं पुस्तक कुठलं' हा प्रश्न सोडून दे. त्यावर दर वर्षी होस्टेलमध्ये भांडणं होतात आणि निकाल लागत नाही. पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण विद्यार्थी बसला होता, ते बघ. तो तुझ्यासारखा असेल तर ते घे.

हे बघायचं कसं? पुण्याला जाशील तेव्हा पुस्तकांच्या दुकानात उभ्याउभ्या एक काम कर. कोपर टेबलाच्या कडेवर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती अल्नर नर्व्ह. चार पुस्तकं माग आणि चारही ठिकाणी ही एकच नर्व्ह काढ.

बी. डी. चौरासियांच्या पहिल्या खंडात ती मथळ्यांखाली सापडेल : निघते कुठून, जाते कुठून, कुठल्या स्नायूंना फांद्या देते, दुखावली तर हाताचं काय होतं. उद्या पेपरात प्रश्न आला तर हेच मथळे जसेच्या तसे उतरवता येतील. 'ग्रेज ॲनाटॉमी फॉर स्टुडंट्स'मध्ये तिच्यापाशी यायला वेळ लागतो. आधी हा भाग काय काम करतो, कसा रचलेला आहे, ते सावकाश समजावतात. वाक्यं लांब, चित्रं देखणी. नेटरच्या ॲटलासमध्ये समजावणं असं नाहीच. कोपराच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यामागून जाणारी पिवळी दोरी दिसते, तिच्यापाशी नाव, संपलं. आणि कनिंगहॅमचं मॅन्युअल तुला ती शोधायला लावतं : कातडी कुठून कापायची, कुठला स्नायू बाजूला सारायचा, मग ती कुठे हाताला लागेल. चार पुस्तकं, चार वेगळी गिऱ्हाइकं. एक परीक्षेला बसलेलं, एक समजून घ्यायला निघालेलं, एक डोळ्यांनी शिकणारं, आणि एक हातात स्काल्पेल घेऊन टेबलापाशी उभं. वर्षभरात तू या चौघी असणार आहेस. पण दिवसभराची लेक्चरं आणि डिसेक्शन आटोपून रात्री दहाला टेबलाशी बसशील, तेव्हा यातली कोण असशील? त्या मुलीचं पुस्तक विकत घे. बाकीच्या तिघींची सोय लायब्ररीत आणि जुन्या बाजारात होते.

माझं मत विचारशील तर रात्री दहाचं पुस्तक चौरासिया. विश्राम सिंग यांचं पुस्तकही चालेल. दोन्ही मात्र नकोत. आमच्या स्टाफरूममध्ये 'बीडीसी'चं, म्हणजे चौरासियांच्या पुस्तकाचं, नाव काढलं की दोन-चार नाकं मुरडतात. 'गाइड' म्हणतात त्याला. मला ते पटत नाही. चौरासिया ग्वाल्हेरच्या गजरा राजा मेडिकल कॉलेजात शिकवायचे. आपल्याकडचा पोरगा इंग्रजीत कुठे अडखळतो, आकृती काढताना कुठे रडतो, हे त्यांनी वर्गात पाहिलं होतं. त्यांच्या आकृत्या बघ : साध्या रेघा, मोजके रंग. चित्रकलेत काठावर पास झालेल्या मुलालाही परीक्षेत पाच मिनिटांत काढता याव्यात अशा. स्वतः चौरासिया १९८५ साली गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. पुढे कृष्णा गर्ग यांनी पुस्तक वाढवलं, सांभाळलं, आणि आजही नाव चौरासियांचंच चालतं.

पण त्याची खोडही सांगून ठेवते. तिथे सगळं मुद्द्यांत तोडलेलं आहे, आणि मुद्दे पाठ होतात. जठराच्या मागे काय काय असतं याची यादी आमची मुलं पाढ्यासारखी म्हणतात : डायफ्राम, प्लीहा, डावं मूत्रपिंड, त्याच्यावरची ग्रंथी, स्वादुपिंड, स्प्लीनिक आर्टरी... मग बाहेरचा परीक्षक शांतपणे विचारतो, 'जठराच्या मागच्या भिंतीतला अल्सर खोल गेला, तर रक्त कुठून येईल?' आणि पाढा जागच्या जागी थांबतो. उत्तर त्या यादीतच असतं, आत्ताच तोंडातून गेलेलं असतं : स्प्लीनिक आर्टरी. मुलानं यादी वाचलेली असते, पण जठर उचलून मागे डोकावलेलं नसतं. म्हणून चौरासियाचं पान उघडशील तेव्हा शेजारी ॲटलास उघडा पाहिजे. रोज. हा नियम मी मोडू देणार नाही.

आता ग्रे. मूळ 'ग्रेज ॲनाटॉमी', विटेसारखं जाड, ते कुणीतरी काका तुला भेट देणार हे ठरलेलं आहे. नमस्कार करून घे. स्वतः विकत घेऊ नकोस. आजचा मोठा ग्रे पदव्युत्तर मंडळींचा आणि सर्जनांचा संदर्भग्रंथ आहे. पण गंमत अशी, की १८५८ साली तो निघाला तेव्हा तुझ्याएवढ्या नाही तरी तुझ्यासारख्याच विद्यार्थ्यांसाठी निघाला होता. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलातले दोन तरुण. हेन्री ग्रेनं लिहिलं, हेन्री व्हॅनडाइक कार्टरनं चित्रं काढली. कार्टरनं एक फार शहाणपणाची गोष्ट केली. चित्राबाहेर आकडे आणि खाली तळटीप, असं न करता त्यानं स्नायूचं नाव त्या स्नायूवरच, धमनीचं नाव तिच्या वळणावरच लिहिलं. डोळ्याला चित्र सोडून कुठे जावंच लागू नये. तूही वहीत आकृती काढशील तेव्हा असंच करून बघ; बाणांची जाळी घालण्यापेक्षा लवकर लक्षात राहतं.

आणि हा कार्टर आपल्याकडचा म्हणायला हरकत नाही. पुस्तक छापून यायच्या आधीच तो बोटीनं मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी शिकवू लागला, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, आणि शेवटी ग्रँट मेडिकलचा प्रिन्सिपॉलही झाला. ग्रेला विक्रीवर मानधन मिळत राहिलं. कार्टरला एकदाच दीडशे पौंड मिळाले, आणि शीर्षकपानावर त्याचं नाव लहान टाइपात. ग्रे १८६१ साली देवी येऊन चौतिसाव्या वर्षी गेला. कार्टरनं इथे कुष्ठरोगावर आणि 'मदुरा फूट' या पायाच्या रोगावर वर्षानुवर्षं काम केलं. तू दुकानात शोधणार आहेस ती अल्नर नर्व्ह कुष्ठरोगात कोपरामागे जाड होते, बोटाखाली दोरीसारखी लागते, आणि पुढे करंगळी-अनामिका आत वळतात. चौरासियांच्या 'क्लिनिकल' मथळ्याखाली हे दोन ओळींत येईल. त्या दोन ओळी गाळू नकोस. इंटर्नशिपमध्ये एखाद्या खेड्यातल्या तपासणी शिबिरात तुला ती नर्व्ह बोटांनी चाचपायची आहे.

डिसेक्शनसाठी कनिंगहॅमचे तीन भाग लागतात. ते नवे घेऊ नकोस, सीनियरकडून जुनेच माग. ते पुस्तक टेबलावर, देहाशेजारी उघडं राहणार. ग्लोव्हजच्या बोटांनी पानं उलटणार, चरबीचे डाग पडणार, फॉर्मलिनचा वास त्यातून कधी जाणार नाही. कोरं पुस्तक कुणी तिथे नेतच नाही, मग ते खोलीत राहतं, आणि तुमच्या टेबलावर जो तो अंदाजानं कापत सुटतो. आणखी एक. मॅन्युअल सांगेल तिथे धमनी मिळाली नाही तर घाबरू नकोस. रेडियल आर्टरी कोपरापाशी फुटायच्या ऐवजी वर दंडातच फुटलेली काही देहांत मिळते. तशी मिळाली की पुस्तक बंद करून मला फोन कर; मला त्यात फार रस आहे.

एम्ब्रियॉलॉजीला इंदरबीर सिंग. तीन आठवड्यांच्या गर्भाच्या घड्या कागदावर कुणालाच कळत नाहीत, त्यामुळे तिथे व्हिडिओ बघितलेस तर मी काही म्हणणार नाही. हिस्टॉलॉजीला डिफिओरेचा ॲटलास लायब्ररीत बघ, आणि पुस्तकापेक्षा गुलाबी-जांभळी पेन्सिल चांगली घे, जर्नल तिच्यावर चालतं.

फिजिऑलॉजीत मात्र थोडी उधळपट्टी करायला हरकत नाही. तुझ्या यादीत गायटन, गॅनाँग आणि ए. के. जैन, तिघंही आहेत. गॅनाँग नावातच सांगतो की तो 'रिव्ह्यू' आहे : ज्याला एकदा कळलंय त्यानं परत बघायचं पुस्तक. पहिल्यांदा शिकणाऱ्याची त्याच्या पानावर दमछाक होते, वाक्यावाक्यात ऐवज ठासून भरलेला. जैन आपल्या पेपरांना धरून आहेत, मुद्देसूद, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात जवळचे वाटतात. गायटन वेगळाच. आर्थर गायटन सर्जन व्हायला निघाला होता. १९४६ मध्ये, प्रशिक्षण संपत आलं असताना त्याला पोलिओ झाला आणि शस्त्रक्रियेची वाट बंद झाली. तो मिसिसिपीला परतला, विद्यार्थ्यांना फिजिऑलॉजी शिकवू लागला, आणि १९५६ साली पाठ्यपुस्तक काढलं. पहिल्या आठ आवृत्त्या एकट्यानं लिहिल्या. आज अशी पुस्तकं पन्नास लेखक मिळून लिहितात आणि दर प्रकरणाला आवाज बदलतो. गायटनमध्ये मूळचा एकच माणूस अजून बोलताना ऐकू येतो. तो कारणापासून सुरुवात करतो : रक्तदाब कमी झाला, आता शरीर काय करेल? पहिल्या काही सेकंदांत काय, काही मिनिटांत काय, आणि दिवसांच्या हिशेबात मूत्रपिंड काय करेल? (त्याची दहाच्या दहा मुलं डॉक्टर झाली म्हणे. म्हणे कशाला, झालीच. त्या घरात जेवताना कसली बोलणी होत असतील!) गायटन वाचायला वेळ लागतो आणि परीक्षेत तेवढं लिहायला जागा नसते, हे खरं. पण पहिल्या वर्षात एक तरी विषय असा वाच, की पान उलटताना पुढे काय होणार याची उत्सुकता वाटेल. मी तुझ्या जागी असते तर गायटन विकत घेतला असता आणि जैन मैत्रिणीकडून आणला असता.

बायोकेमिस्ट्रीचं आत्ता काहीही घेऊ नकोस. सत्यनारायण किंवा वासुदेवन, दोन्ही आपल्याकडच्यांनी आपल्या मुलांसाठी लिहिलेली आहेत; शिकवणारे कुठल्या क्रमानं जातात ते आठ-दहा लेक्चरांत कळेल, मग ठरव. लिपिनकॉटच्या आकृत्या सुरेख आहेत. हार्पर लायब्ररीत शोभतो.

इंग्रजीबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण ताई फोनवर बोलली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावीत क्लासचं अर्धं मराठी अर्धं इंग्रजी, आणि आता हे भलेमोठे ग्रंथ. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये याच तीन विषयांची हिंदी पुस्तकं निघाली तेव्हा आमच्याकडेही बरीच चर्चा झाली. मला त्यात वावगं दिसत नाही, पण तुझा पेपर इंग्रजीतच आहे, आणि दुसऱ्या वर्षाची पुस्तकंही. तेव्हा दुकानात आणखी एक परीक्षा कर. माहीत नसलेल्या विषयाचं एक पान वाच. अडलीस तर कशानं अडलीस ते बघ. 'ब्रेकियल प्लेक्सस'वर अडलीस तर ठीक, तिथे लंडनचा पोरगाही अडतो. पण साधं वाक्य कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हेच कळेना, तर ते पुस्तक परत ठेव, मग त्याचं नाव कितीही मोठं असो. आणि खोलीत बसून स्वतःला मराठीत समजावलंस तर कमीपणा मानू नकोस. ओपीडीत येणारी बाई 'पॅरेस्थेशिया' म्हणणार नाही. 'हाताला मुंग्या येतात बाई' म्हणेल.

पैशांचं बोलू. ॲनाटॉमीची एक-दोन आवृत्त्या जुनी पुस्तकं बेलाशक घे. माणसाची हाडं चार वर्षांत बदलत नाहीत. एकच फरक पडेल. २०१९ पासून अभ्यासक्रम 'कॉम्पिटन्सी'वर आला. नव्या पुस्तकांत धड्याच्या डोक्यावर 'एएन ८.१' असले आकडे असतात, जुन्यांत ते नसतील. त्यांची यादी एकदा छापून कपाटाला चिकटव, काम भागतं. सीनियरनं चार रंगांत रंगवून ठेवलेलं पुस्तक मात्र घेऊ नकोस. त्याला जे महत्त्वाचं वाटलं तेच तुझ्या डोळ्याला दिसत राहील, आणि तो विषयात किती मार्कांनी पास झाला हे तुला माहीत नसतं.

झेरॉक्सच्या मोहात ॲटलासपुरती तरी पडू नकोस. ॲटलासमध्ये धमनी लाल, शीर निळी, नर्व्ह पिवळी. काळ्यापांढऱ्या प्रतीत तिन्ही सारख्याच राखाडी होतात, आणि काखेतल्या त्या गुंत्यात कोण कुठली हे छापणाऱ्यालाही सांगता येणार नाही. फोनवरच्या पीडीएफचं म्हणशील, तर शोधायला उत्तम, वाचायला वाईट. आणि तुझ्याबरोबर प्रवेश मिळालेली तुझी मैत्रीण, तिला सांग, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याणची पुस्तकपेढी योजना आहे, मेडिकलला दोघांत मिळून एक संच मिळतो. पहिल्याच आठवड्यात ऑफिसात चौकशी करायची. लाजून थांबलं की संच दुसऱ्यांकडे गेलेले असतात.

राहिलं तुझं 'आत्तापासून काय वाचू'. काही नको. सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो, तेवढ्या दिवसांत लायब्ररी पालथी घाल. हात अगदीच शिवशिवत असतील तर पुस्तकांऐवजी सीनियरकडून हाडांचा हाफ सेट आण, आणि क्लॅव्हिकलपासून सुरुवात कर. गळ्याखालचं ते आडवं हाड तुझ्या स्वतःच्या अंगावर, कातडीखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाला लागतं. मधल्या बाजूचं टोक जाड, खांद्याकडचं चपटं. मधल्या बाजूचे दोन तृतीयांश पुढे फुगलेले, उरलेला भाग मागे वळलेला. खालच्या अंगाला एका स्नायूची खोबण. हातातलं हाड उजवं की डावं, ते पुस्तक न उघडता ठरव, आणि मग आरशासमोर धरून पडताळ. ते जमलं की सायकलवरून पडलेल्या माणसाचं हे हाड नेमकं त्या वळणापाशीच का मोडतं, याचा विचार कर.

लायब्ररीचं कार्ड मिळालं की ग्रे आणि गायटन दोन्ही चाळ, आणि शेवटी कुठली पुस्तकं विकत घेतलीस ते कळव. ॲटलास मी देणार आहे, तो विकत घेऊ नकोस.

तुझी
मावशी

ता. क. हाडं घरी आणणार असशील तर आजीला आधी सांगून ठेव, आणि पिशवी देवघराच्या खोलीत ठेवू नकोस. खरी नको म्हणाली तर प्लास्टिकचा सेट घे. स्नायू कुठे चिकटतात ते रंगीत पेन्सिलनं आखायला तोही पुरतो.